गप्प बसा, तो पळतोय

बेकरीवाल्याला हात नको होता. कोणाचाच. डोळे गेल्यापासून तो सतत कोणाचं तरी कोपर धरून चालत आला होता. पीठ मळायला डोळे लागत नाहीत, ते तो झोपेतही मळेल. पण पळायचं होतं. एकदाच. मोकळ्या हातांनी.

म्हणून हे सार्वजनिक मैदान. वाटेत ना स्टूल, ना पायरी, ना शेजारणीची मांजर. नुसतं गवत.

थोरली ताई बसवर कंडक्टर. मागच्या दारातून हाक मारली की पुढचा ड्रायव्हर दचकायचा. ती पलीकडच्या गोलपोस्टसमोर जाऊन उभी राहिली.

"इकडे! माझ्या आवाजावर ये!"

"मध्ये कोणी नाही ना?"

"नाही रे बाबा! लहानपणी माझा मार चुकवायला कसा सुसाट सुटायचास!"

"तेव्हा तू मागे होतीस!"

निघाला. पहिली पावलं गार पाण्यात उतरल्यासारखी. मग

गवत

टाच

गवत

"इकडे!"

कानात वारा

आणि घोटाळा झाला. सरावाला आलेल्या फुटबॉलच्या मुली कडेला सरकल्या होत्या. त्यांना राहवेना. "काका, पळा! काका, भारी!" चहूबाजूंनी आरडाओरडा, टाळ्या, शिट्ट्या. ताईचा आवाज त्यात बुडाला.

तो मैदानाच्या मधोमध थांबला. हात आपसूक पुढे आले, चाचपडायला लागले.

"ताई? कुठेयस?"

एक मुलगी धावत आली. "काका, धरू?"

"नको!"

"एऽऽ! तोंडं बंद करा!" ताई कडाडली. "त्याला माझा आवाज ऐकू दे!"

मैदान चिडीचूप. कोचने शिट्टी मुठीत लपवली. एकीने खोकला गिळला.

"इकडे."

त्याने हात खाली घेतले.

इकडे गवत इकडे गवत श्वास गवत इकडे आवाज मोठा होतोय गुडघे वर अजून वर कोणी धरलेलं नाही कोणीच धरलेलं नाही इकडे अरे हळू अरे थांब अरे मेल्या जाळी

ताईच्या बाजूने तो सणसणत गेला तो थेट गोलमध्ये. जाळीने त्याला अलगद झेललं. पाय वर, श्वास फुललेला, शर्टाचं बटण तुटलेलं. तो खदाखदा हसत होता.

"आता," तो जाळीतूनच ओरडला, "आता ओरडा!"

मैदान फुटलं. ताई दोन्ही हात नाचवत काहीतरी सांगत होती. या वेळी तर तिचं कोणालाच ऐकू गेलं नाही.