तांदळात गेलेली अंगठी

“दाजी, ही अंगठी हरवली तर भरून कोण देणार? तुम्ही की आम्ही?”

थोरल्या बहिणीच्या, स्नेहलच्या साखरपुड्यात, भर पंगतीत सारिकाने हे विचारलं आणि वाढप्याच्या हातातली जिलेबी अधांतरीच राहिली. पलीकडे तिच्या मैत्रिणी अमृता आणि अनघा तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या. पैज त्यांचीच. विचारून दाखव, नाहीतर तू नुसती बोलबच्चन. शाळेच्या कबड्डी संघात निवड झाल्यापासून सारिका कुठल्याच पैजेला मागे हटत नव्हती.

नवरदेव प्रज्ञेश कुसगावचा, मोकळ्या स्वभावाचा. हसून म्हणाला, हिऱ्याची अंगठी आहे, विमा काढता येतो. पावती माझ्याकडे आहे, काढायचा की नाही ते स्नेहलने ठरवावं.

झालं! इंदुरीतल्या त्या घराचं स्वास्थ्य त्या दिवसापासून हरवलं. ठरवायचं स्नेहलने, पण तिला कोणी विचारेचना. आई म्हणायची, विमा काढायचा म्हणजे हरवण्याला आवतण द्यायचं. पप्पांचं दुखणं वेगळंच. विम्याला पावती लागते, आणि पाहुण्यांकडे पावती मागायची म्हणजे अंगठीची किंमत काढल्यासारखं. असं तळ्यात-मळ्यात चाललेलं असताना एक दिवस आईने अंगठी स्नेहलच्या बोटातून काढून घेतली, चिंधीत बांधली आणि तांदळाच्या कोठीत खोल खुपसून दिली. पप्पांनाही पत्ता लागू दिला नाही. सारिकाने तेवढं चहा गाळता गाळता पाहिलं.

प्रज्ञेशचा व्हिडिओ कॉल आला की स्नेहलचा हात ओढणीखाली जायचा. ते बघून सारिकाला वाटायचं, आपण तोंड उघडलं नसतं तर? पुस्तक घेऊन बसावं तर डोळे सारखे कोठीकडे. उठायची, झाकण नीट लावायची, परत बसायची, परत उठायची.

रविवारी आई रानात गेली होती. आज अंगठी काढून ताईच्या हातावर ठेवायचीच, असं म्हणत सारिकाने कोठीत हात घातला. कोपरापर्यंत, मग पार खांद्यापर्यंत. चिंधी लागेना. तांदूळही कधी नव्हे इतका खाली गेलेला.

“पप्पा, कोठीतला तांदूळ कुणी काढला?”

“म्या. सकाळी कुसगावला पोचवून आलो. नवा इंद्रायणी, विहीणबाईस्नी लय आवडतो.”

तेवढ्यात आई आली, तिने ऐकलं आणि उंबऱ्यातच बसकण मारली.

“अवो, त्यात अंगठी हाय. आपुन माघारी धाडली असंच वाटंल त्यास्नी. सोयरीक मोडली म्हणतील.”

स्नेहल भिंतीला टेकून रिकामं बोट चोळत राहिली. पप्पा गाडीची किल्ली शोधायला लागले, म्हणे कीड निघाली असं सांगतो आणि गोणी बदलून आणतो. सोयऱ्याला दिलेलं धान्य परत मागायचं का, म्हणून आई त्यांच्यावरच उखडली. मग मला न सांगता लपवलीस कशाला, म्हणून ते तिच्यावर. दोघांचं जुंपलेलं बघून सारिका मोबाईल घेऊन अंगणात गेली. चढाईला जाताना धरायची तसा दम धरला आणि दाजींना फोन लावून कोठीपासून गोणीपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं.

मग प्रज्ञेश हळू बोलला.

“तांदूळ निवडताना आईला सापडली. ताटात समोर ठेवून बसलीये, जेवलीपण नाही. खरं सांग सारिका, स्नेहलनेच पाठवली का?”

“नाही हो दाजी. तिला घालायचीये. आम्हीच घालू देत नाही.”

पलीकडे सुटलेला श्वास तिला इथे ऐकू आला. संध्याकाळीच अंगठी घेऊन येतो, तो म्हणाला. येताना पावती पण आणा, ती म्हणाली. तो चक्क हसला.

आत येऊन तिने आधी ताईला गाठलं. विमा काढायचा का? स्नेहल एवढंच म्हणाली, काढा नाहीतर नका काढू, मला घालू द्या फक्त. मग म्हणाली, काढूया.

आईपप्पांचं भांडण अजून चालूच होतं. सारिका दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

“ऐका. दाजी संध्याकाळी अंगठी घेऊन येतायत, पावती पण आणतायत. मीच मागितली. विमा काढायचा आणि अंगठी ताईच्या बोटात राहायची, भांडी घासतानासुद्धा. आम्ही दोघींनी ठरवलंय.”