विरोधाचा हात

एलायशा अ‍ॅशडाउनने विरोधात हात वर केला होता, ही गोष्ट त्याच्या घराण्यात इतक्या पिढ्या सांगितली गेली होती, की तो हात प्रत्यक्ष कोणी पाहिला, असे विचारणेदेखील कृतघ्नपणाचे वाटे. अमेरिकेतल्या दक्षिण युटातल्या त्या गावात बाकीची हकीकत सर्वांनाच ठाऊक होती. पश्चिमेकडे निघालेला परक्या वाटसरूंचा तांडा गावाबाहेरच्या कुरणात उतरला. जुन्या छळाच्या आठवणींनी पेटलेल्या संतमंडळींनी (त्या पंथाचे लोक स्वतःला संतच म्हणवत) सभा भरवली. बिशपने, म्हणजे पंथाच्या गावप्रमुखाने, तांडा कापून काढण्याचा ठराव मांडला. आणि तो अमलात आला. बायकाही सुटल्या नाहीत. त्या सभेत एकटा एलायशा ‘नाही’ म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी घरीच राहिला. त्या एका हाताच्या बळावर अ‍ॅशडाउन मंडळी गावात ताठ मानेने वावरत आली होती.

एलायशाचा खापरपणतू व्हर्लन हा निवृत्त पशुवैद्य. नोरा वेक्सलर नावाची दिग्दर्शिका त्या हत्याकांडावर चित्रपट करायला आली, तेव्हा त्याने दोन कामे पत्करली: पंथाच्या चालीरीती सांगण्याचे, आणि खुद्द एलायशाचे. दाढी त्याची स्वतःचीच होती.

“तुमचा हात मी पटकथेत ठेवलाय, डॉक्टर,” नोराने पहिल्याच भेटीत बजावले होते, “पण पडद्यावर तो खरा वाटला पाहिजे. नाही वाटला, तर कात्री लावीन.”

“वाटेल. कारण तो खराच आहे.”

“हा युक्तिवाद नव्हे, हट्ट झाला.”

व्हर्लनला ती आवडली, ती तेव्हापासून. आयुष्यभर तो आपल्याशी बरोबरीने वाद घालील अशा माणसाच्या शोधात होता. घरी त्याची पत्नी आर्व्हेला वाद न घालताच जिंकत असे.

सभेच्या दृश्यासाठी लाकडी सभागृह उभारले होते. बाकांवर जुन्या कपड्यांत सारे गाव बसले होते. गावचा आजचा खरा बिशप गॅरिक ओल्सेन, जो एरवी नांगर आणि ट्रॅक्टर विकत असे, तिसऱ्या बाकावर साधा शेतकरी होऊन बसला होता. पडद्यावरचा बिशप झालेला नट डेस्मंड प्रूइट कॉफीचा पेला घेऊन व्यासपीठावर चढला, तसा मागून आवाज आला, “बिशपसाहेब, आपल्याला कॉफी वर्ज्य आहे! निदान पेला तरी लपवा!”

“मी अख्खा तांडा मारायला सांगणार आहे,” डेस्मंड म्हणाला, “आणि तुम्हाला कॉफी खटकते?”

सभागृह हसले, गॅरिक मात्र अर्धेच हसला.

चित्रण सुरू झाले. डेस्मंडने ठराव मांडला आणि गंभीर स्वरात म्हटले, “ठरावाच्या बाजूने असणाऱ्यांनी उजवा हात वर करून दाखवावा.”

पटकथेप्रमाणे हात एकेक करून, चाचरत वर यायचे होते. प्रत्यक्षात सगळे हात एकदम वर गेले. कोपर काटकोनात, चेहरे निवांत, एखाद्याची नजर खिडकीबाहेर. त्या हातांत व्हर्लनचाही हात होता.

“कट! अहो मंडळी,” नोरा ओरडली, “माणसं मारायला निघालात तुम्ही, सहलीला नाही! थोडे तरी बिचका!”

“सवय आहे हो बाई,” गॅरिक ओशाळून म्हणाला. “रविवारी प्रार्थनेला जमलो की कोणाची ना कोणाची नेमणूक मंजूर करायची असतेच. समोरून विचारलं की हात आपोआप जातो.”

“आणि डॉक्टर, तुम्ही? तुम्ही तर विरोधात आहात!”

“त्याचं काय विचारता,” आर्व्हेला मागच्या बाकावरून म्हणाली. “मागे दातवाल्यानं विचारलं, काढू का? तर ह्यानं हात वर केला. चांगला दात गेला बिचाऱ्याचा.”

दुसऱ्या वेळी व्हर्लनने उजवा हात मांडीखाली दाबून धरला. बाकीचे हात वर गेले, खाली आले. “विरोध असल्यास, त्याच खुणेने कळवावे,” डेस्मंड म्हणाला, आणि कसलेल्या नटासारखा थांबला. त्याची नजर बाकांवरून सावकाश फिरली. त्या शांततेत लोक चुळबुळले. कोणी खाकरले, कोणी बुटाकडे पाहू लागले. मग व्हर्लनचा हात संथपणे, मोठ्या डौलाने वर आला.

नोराने चित्रण थांबवले. “खोटं वाटतंय, आणि का ते कळत नाही. तुम्ही सगळे एवढे अस्वस्थ का झालात?”

“ते थांबले म्हणून,” गॅरिक म्हणाला.

“कोण?”

“बिशप. म्हणजे हे. विरोध विचारल्यावर कोणी थांबत नाही, बाई. मीही नाही थांबत.”

“मग विरोध असणारा हात वर करतो तरी केव्हा?”

“मी तसा हात कधी पाहिलेलाच नाही,” गॅरिक म्हणाला, आणि आपल्याच उत्तराचे त्याला नवल वाटल्यासारखे दिसले.

नोरा व्हर्लनकडे वळली. “त्या काळी थांबत असत का? चालीरीतींचे जाणकार म्हणून विचारतेय. खापरपणतू म्हणून नव्हे.”

‘थांबत असत’ एवढे म्हटले की काम झाले असते. खोडून काढणारा कोणी हयात नव्हता, आणि त्या विरामावाचून एलायशाच्या हाताला जागा नव्हती. पण व्हर्लनच्या कानांत वडिलांचा आवाज होता, आजोबांचा होता. सभा चालवताना दोघांच्याही तोंडी ‘विरोध असल्यास’ आणि ‘ठराव संमत झाला’ ही दोन वाक्ये एकाच श्वासात, एका दोऱ्यात ओवल्यासारखी येत, आणि आजोबांनी ती त्यांच्या वडिलांकडूनच उचललेली असणार.

“मला ठाऊक असलेल्या एकाही आवाजात तिथे विराम नव्हता,” तो म्हणाला.

“मग विराम नाही.”

“उत्तम,” डेस्मंड म्हणाला. “मी पुढचं वाक्य लगेच जोडतो. तुम्हीच मला गाठा, डॉक्टर.”

तिसऱ्या वेळी हात वर गेले, खाली आले. “विरोध असल्यास त्याच खुणेने कळवावे, ठराव संमत झाला, आता उद्या कुरणाकडे न्यायच्या गाड्यांचं ठरवू.” व्हर्लनचा हात उठला खरा, पण तो खांद्याच्या वर पोचला तेव्हा बोलणे गाड्यांवर येऊन ठेपले होते. हवेत एकटाच हात. डेस्मंडने तो पाहिला. भूमिकेतून तो ढळला नाही. उशिरा आलेल्या माणसाला सामावून घ्यावे तशा सौजन्याने तो हसला. “आभारी आहे, ब्रदर एलायशा. तिसरी गाडी तुम्ही हाका.”

कोणीही हसले नाही. नोरालाही ‘कट’ म्हणायला उशीर झाला.

“पुन्हा लावा,” मॉनिटरपाशी येत व्हर्लन म्हणाला. “हात खाली केव्हा आला, ते मला पाहायचंय. मला आठवत नाही.”

पडद्यावर हात थोडा वेळ तसाच राहिला. आपले नाव ऐकून बोटे वळली. हात उतरू लागला. आणि उतरता उतरता मान हलली. हलकीशी, नम्रपणे, अंगावर सोपवलेले काम माणसाने स्वीकारावे तशी.

“ही मान कोणी हलवली?” व्हर्लनने विचारले.

“तूच,” आर्व्हेला म्हणाली. ती केव्हा मागे येऊन उभी राहिली, ते त्याला कळले नव्हते. “काम सांगितलं की तू अशीच हलवतोस.”

“हे मला हवंय,” नोरा हलक्या आवाजात म्हणाली. “इतका खरा हात मला पुन्हा मिळणार नाही. पण माणूस तुमच्या घरातला. म्हणाल तर मान हलायच्या आधी कापते. लोकांना फक्त हात दिसेल. त्यांनी काय समजायचं ते समजोत.”

व्हर्लन मॉनिटरकडे पाहत राहिला. घराणे खोटे बोलत नव्हते, असे त्याला प्रथमच सिद्ध झाल्यासारखे वाटले. हात वर गेला असणार. सभागृहातल्या प्रत्येकाने तो पाहिलाही असणार.

“कापू नका,” तो म्हणाला. “मान राहू द्या.”

“व्हर्लन,” आर्व्हेला म्हणाली, “घरातले काय म्हणतील?”

“वाद घालतील. आजवर त्यांना वाद घालायला काही नव्हतंच.”

“मग पुढच्या दृश्याचं काय?” नोराने पटकथेची पाने चाळली. “इथे एलायशा घरी राहतो, दारातून गाड्या जाताना बघतो. मान हलवलेला माणूस दारात कसा उभा करू? डॉक्टर, तो गेला होता का?”

“ठाऊक नाही.”

“मग मी काय करू?”

व्हर्लन सभागृहातून निघाला. बाहेर उतरत्या उन्हात गाड्या ओळीने उभ्या होत्या, खेचरे शेपट्या झटकीत होती. तो तिसऱ्या गाडीपाशी गेला, चाकाच्या आऱ्यावर पाय ठेवून वर चढला आणि लगाम हाती घेतला. त्या बैठकीवरून तांडा उतरला होता ते कुरण कितपत दिसते, हे त्याने आजवर कोणालाच विचारले नव्हते.