मुडपलेला कोपरा

पत्ते वाटावेत तशा डॉ. निंबार्ते सरांनी ईसीजीच्या पट्ट्या टेबलावर वाटल्या. चार डॉक्टर, प्रत्येकी बारा पट्ट्या. उर्वशीने आपला गठ्ठा उचलला आणि वाचायच्या आधीच तिचा अंगठा पहिल्या पट्टीच्या वरच्या उजव्या कोपऱ्याकडे गेला. कोपरा सरळ होता. दुसरीचाही सरळ, तिसरीचाही. अंगठा काय शोधतोय हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

"दहा मिनिटं," सर म्हणाले. "कोणाला घरी पाठवाल आणि कोणाला थांबवून घ्याल, तेवढंच लिहा. निबंध नको."

सर दर गुरुवारी भंडाऱ्याहून यायचे आणि आसपासच्या दवाखान्यांतल्या नव्या डॉक्टरांना हृदयाच्या रेघा वाचायला शिकवायचे. उर्वशीला या ग्रामीण रुग्णालयात चौदा महिने झाले होते. तेवढ्यात तिचं चांगलंच नाव झालं होतं. छातीत दुखतं म्हणून आलेला माणूस गॅसवाला की हार्ट अटॅकवाला, हे तिला पट्टीवर नजर टाकताच कळतं, अशी ख्याती. वरठीच्या कारखान्यात काम करणारे तिचे बाबा ही ख्याती सायकल स्टँडवर सगळ्यांना ऐकवून आले होते.

बारापैकी चार चुकल्या. त्यातल्या एकीवर तिने ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'गॅस. घरी.'

"हा माणूस बसस्टँडपर्यंतही पोचला नसता," सर म्हणाले. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आज बरं नाही का वाटत तुला?"

रागावले असते तर बरं झालं असतं. वर्ग सुटल्यावर ती तडक खाली रेकॉर्डच्या खोलीत गेली. चौदा महिन्यांत तिने वेळेवर पकडलेले नऊ रुग्ण होते. नऊही जणांचे केसपेपर तिने काढले आणि आत लावलेल्या पट्ट्या पाहिल्या. प्रत्येक पट्टीचा वरचा उजवा कोपरा तिरका मुडपलेला होता. नवाच्या नऊ.

पट्ट्या काढायचं काम बाबूलालकडे होतं. हुद्द्याने तो कक्षसेवक. पण मशीन आलं तेव्हा ते चालवायला माणूस मिळेना, म्हणून साहेबांनी बाबूलालला उभं केलं, आणि तो पंचवीस वर्षं उभाच राहिला. ती केसपेपर घेऊन त्याच्याकडे गेली तेव्हा तो मशीनच्या तारा गुंडाळत होता.

"बाबूलालजी, हे कोपरे तुम्ही मुडपता?"

त्याने गुंडाळणं थांबवलं नाही. "आज दिसले का जी तुमाले?"

"पण काहून?"

"सेलोकर साहेब सांगून गेले होते. पुराने डॉक्टर. म्हने, बाबूलाल, ज्या पट्टीत तुले काही वेगळं वाटन, तिचा कोपरा मुडपून सगळ्यांच्या वर ठेव. तोंडानं बोलू नको. पेशंटसमोर कक्षसेवक सांगते अन् डॉक्टर आयकते, बरं नाही दिसत. मंग साहेबाची बदली झाली. थांबव म्हनून कोनी सांगतलंच नाही."

"माझ्याआधीच्या डॉक्टरांना माहीत होतं?"

"सात झाले तुमच्याआधी. कोनी इचारलं नाही. मले वाटलं, माहीत असन."

उर्वशी बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तिला लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत. ती ओसरल्यावर तिला ते नऊ जण आठवले. त्यांतले आठ आजही हिंडत-फिरत होते. आता लाजेपेक्षा भीती मोठी झाली, कारण बाबूलाल तीस तारखेला रिटायर होणार होता.

तिने सरांना फोन लावला. त्यांची गाडी अजून वाटेतच होती.

"सर, ती नजर माझी नव्हती," ती म्हणाली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

सरांनी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवायला लावली. मग सरांनी विचारलं, "वरचा? उजवा?"

"हो सर."

"अगं, बारा वर्षांपूर्वी मी तिथेच होतो. मला वाटायचं, मशीनमध्येच बिघाड आहे, कागद मुडपतं. दुरुस्तीसाठी दोन पत्रं पाठवली होती मी!" ते हसायला लागले आणि मध्येच थांबले. "बदली होऊन गेलो आणि पहिल्याच महिन्यात दोन पट्ट्या चुकवल्या. त्यातली एक बाई वाचली नाही. तेव्हापासून शिकतोय आणि शिकवतोय. का चुकलो, ते मात्र आज कळलं. किती दिवस आहेत त्याचे?"

"अठरा."

"मग उद्यापासूनच बस त्याच्याजवळ."

दुसऱ्या दिवशी तिने बाबूलालला सांगितलं, "आता कोपरा मुडपायचा नाही. मी वाचीन, तुम्ही ऐका. चुकलं तर टोका."

"मी काय सांगू जी? मले त त्याचे नाव बी नाही येत."

"नावं माझ्याजवळ आहेत. तुम्ही दिसतं ते सांगा."

बाबूलाल अवघडला. मग त्याने कागदावर बोट ठेवलं. "हे टोक उतरलं का रेघ खाली बुडाले यायले पायजे. धानाच्या बांधीतलं पानी सोडलं का कसं खाली बसते, तसं. नाही बसलं त समजा कुठंतरी तुंबलं." मग बोट वर सरकलं. "अन् एकच रेघ नका पाहू. खालच्या चढल्या असन त वरची एखादी दबते. दबलेली शोधा."

हेच तिच्या पुस्तकात साडेतीन पानं होतं, आणि ती साडेतीन पानं तिने परीक्षेत जशीच्या तशी लिहिली होती.

रोज दुपारी ओपीडी संपली की दोघं बसायचे. जुन्या पट्ट्या, नव्या पट्ट्या. ती वाचायची, तो "हं" म्हणायचा. चुकलं की "अजून एक डाव पाहा" म्हणायचा, त्यापुढे काही नाही. आठव्या दिवशी तिने अंकुश नावाच्या धडधाकट पोराला अँब्युलन्समधून भंडाऱ्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो एसटीने परत आला आणि आपलं हार्ट एक नंबर असल्याचं गावभर सांगत सुटला. उर्वशीला तोंड लपवावंसं झालं.

"चालते जी," बाबूलाल म्हणाला. "गेला अन् आला. आला नसता त वांधा होता."

तीस तारखेला चार वाजता निरोपाचा कार्यक्रम ठरला. निंबार्ते सर खास यायला निघाले होते. शाल आली, नारळ आला, समोसे आले. बाबूलाल पांढराशुभ्र शर्ट घालून आला होता आणि तरीही सकाळपासून पट्ट्या काढत होता.

तीन वाजता त्याने तीन पट्ट्या आणून उर्वशीच्या टेबलावर ठेवल्या. तिन्हींचे कोपरे सरळ. एरवी ठेवल्या ठेवल्या तो निघून जायचा. आज तो दाराशी थांबला, शर्टाच्या खिशावर हात ठेवून.

पहिली ठीक होती. दुसरीही. तिसरीवर नाव होतं धनीराम, वय चोपन्न. त्याची बायको बेबीबाई समोरच उभी होती. बपेऱ्याकडच्या गावाहून आली होती दोघं.

"मॅडम, गॅसची गोळी द्या अन् सोडा आमाले. सकाळपासून भारे उचलून राहिले, त्यानं दुखते. थ्रेशरचा नंबर लागला आज. गेला त चार दिवस येत नाही."

उर्वशीने पट्टी खिडकीजवळ नेली. खालच्या तीन रेघा टोकावरून उतरल्या होत्या, पण पुरत्या बुडाला आल्या नव्हत्या. किती? नखभर. नखभर तर अंकुशच्याही होत्या. तिने मान वर करून बाबूलालकडे पाहिलं. तो बाहेरच्या कडुनिंबाकडे पाहत होता.

तिने पुन्हा पट्टी पाहिली, या वेळी वरच्या रेघा. एक, दोन, तीन. तिथे होती ती. जिथे खालच्या चढल्या होत्या, नेमक्या त्याच जागी वरची एक खाली दबली होती, जरा बोट टेकवल्यासारखी.

तिने पट्टीचा उजवा कोपरा मुडपला.

"काकू, थ्रेशरवाल्याला फोन करा," ती म्हणाली. "तुमचे मालक आज भंडाऱ्याला जातील. सिस्टर, धनीरामला आत घ्या, चघळायची गोळी द्या आणि रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन काढा."

आधी कधी रक्तस्राव, ऑपरेशन, लकवा झाला होता का, हे सगळं तिने पाच मिनिटांत विचारून घेतलं. इंजेक्शन दिलं. तासाभराने धनीरामच्या कपाळावरचा घाम वाळला, छातीतलं ओझं उतरलं आणि थ्रेशरजवळ कोण उभं राहील याची चिंता त्याला नव्याने लागली. पुन्हा पट्टी काढली. रेघा बुडाला येऊ लागल्या होत्या. अँब्युलन्स गेटबाहेर पडली तेव्हा बेबीबाईने मागच्या खिडकीतून हात जोडले. उर्वशीने वळून पाहिलं, पण मागे उभा असलेला बाबूलाल तोवर आत निघून गेला होता.

कार्यक्रम साडेपाचला सुरू झाला. समोसे गार झाले होते. निंबार्ते सरांनी भाषणात दुरुस्तीच्या दोन पत्रांची गोष्ट सांगितली. सगळे पोट धरून हसले. सरांनी हसता हसता चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मी ज्याला शिकवतो त्याला वाटतं, हे निंबार्तेंचं ज्ञान. आज सगळ्यांसमोर सांगतो, पाया या माणसाने घातला. मी आभार मानायला बारा वर्षं उशीर केला."

शाल घालायला उर्वशी पुढे झाली. नारळ घेण्यासाठी बाबूलाल वाकला आणि त्याच्या खिशातून घडी केलेला कागद खाली पडला. तिने तो उचलून उलगडला. पट्टी होती. धनीराम, वय चोपन्न, दुपारी दोन पंचावन्न. वरचा उजवा कोपरा मुडपलेला.

"ही दुसरी कशी?" तिने हळूच विचारलं.

बाबूलाल चोरी पकडल्यासारखा हसला. "दोन काढल्या होत्या जी. एक तुमच्यासाठी." मग शाल खांद्यावर सारखी करत म्हणाला, "अन् एक धनीरामसाठी, तुमचं चुकलं असतं त."

उर्वशीचे डोळे भरून आले. फार आभारी आहे, एवढंच तिला म्हणता आलं, आणि तेही नीट ऐकू गेलं की नाही कोणास ठाऊक. निंबार्ते सरांनी तिच्या हातातली पट्टी मागून घेतली. रेघांकडे त्यांनी पाहिलंच नाही. मुडपलेल्या कोपऱ्यावरून ते नुसता अंगठा फिरवत राहिले.