मुन्नानं लावलेली गाणी

शेलूबाजारच्या डीजेवाल्या हरीओमच्या लॅपटॉपात चौदा हजार गाणी होती, आणि नेमकं प्रयागबाईला हवं ते त्याला सापडत नव्हतं. घ्या आता!

प्रयागबाई म्हणजे वैभवीची आजी. गुरुवारी वैभवीची हळद. गुडघ्यांपायी आजी दोन वर्षांपासून खुर्ची सोडत नव्हती. नातीनं फारच हट्ट धरला तेव्हा म्हातारी म्हणाली, "नाचीन. पन माह्या लहान्याच्या हळदीत मुन्नानं लावलं होतं, ते लागलं तर." गाण्याचं नाव काय, तर ते तिला ठाऊक नाही. मग वैभवी सरळ हरीओमच्या दुकानात आली.

"दादा, बाकी काई लावा, नका लावू, पन ते गानं लावाच," ती म्हणाली. "काकाच्या हळदीत मी आजीच्या कडेवर होती, एवढुशी. ती मले घेऊनच नाचली. आता मी या घरातून चालली. मले तिले एकडाव नाचताना पाहाचं हाय."

"झालंच समज," हरीओम मोठ्या तोऱ्यात बोलून बसला. बोलणं सोपं असतं.

ती काकाची हळद म्हणजे 'दोस्ती साऊंड'ची पहिली ऑर्डर, पंधरा वर्षांपूर्वीची. दोस्ती कोणाची, तर हरीओम आणि मुन्नाची. दोघं एका बाकावर शिकले, एका बाकावर नापास झाले आणि मग दोघांत मिळून एक जुना लॅपटॉप घेतला. तेव्हा गाणी आजच्यासारखी बसल्या जागी मिळत नव्हती. मंगरूळपीरला जीपनं जायचं, मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून आणायचं. गावातल्या ज्ञानचंदशेठच्या गोदामात जुन्या कॅसेटींचं एक खोकं पडलं होतं, ते मागून आणलं. त्यात बेंजो पार्टीवाल्यांनी वाजवलेल्या, नाव ना गाव असल्या कितीतरी कॅसेटी. टेपची वायर लॅपटॉपात खुपसून त्या एकेक उतरवून घेतल्या. अर्ध्या तासाची बाजू उतरायला अर्धा तासच लागे, आणि तेवढ्यात दोघं पावशेर भजी संपवत. हाताला तेल, म्हणून बटण कोणी दाबायचं यावर भांडण. काय दिवस होते ते! हरीओमला आजही भज्यांचा वास आला की तो टेप आठवतो.

गाणी लावून ठेवायचं काम मुन्नाचं, आणि त्याची तऱ्हा जगावेगळी. लोक सिनेमाप्रमाणं लावतात, गायकाप्रमाणं लावतात. हा बेटा माणसांप्रमाणं लावायचा. आधी गावाचं फोल्डर, त्यात माणसाचं फोल्डर, आणि माणसाच्या नावापुढं दोन ओळी. 'शेषराव पाटील – टोपी काढून हातात घेतली की आवाज वाढवणे.' 'बाबूसिंग नाना – आधी आग्रह करू द्यावा, मग लावणे.' प्रत्येक लग्नात तो मशीन सोडून मांडवात फिरायचा, कोण कशावर उठतं ते बघायचा आणि घरी येऊन लिहायचा. हरीओम मात्र मशीनमागून कधी हलला नाही. नाचायचं तर नावच नको.

तीन वर्षांपूर्वी मंगरूळपीरच्या एका लग्नात दोघांचं बिनसलं. पोरं ऐन रंगात आली असताना मुन्नानं चालू गाणं तोडलं आणि कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यासाठी संथ गाणं लावलं. पोरांनी बोंब ठोकली. हरीओमचं डोकं फिरलं. चारचौघांत तो ओरडला, "हा डीजे हाय का म्हाताऱ्यायचा ओटा? अक्कल गहाण ठेवली का बे?"

मुन्नानं हेडफोन काढला, टेबलावर ठेवला आणि निघाला. आठवड्यानं तो पुण्याला गेल्याचं कळलं. फोन याचाही नाही, त्याचाही नाही.

पुढं हरीओमनं नवीन सॉफ्टवेअर घेतलं. ते म्हणे गाण्याचे ठोके मोजतं. मिनिटाला नव्वद ठोक्यांची गाणी एकीकडं, एकशे अठ्ठावीसची दुसरीकडं. यंदा दिवाळीनंतर महिनाभर बसून त्यानं सगळी गाणी तशी लावली, जुनी फोल्डरं मोडली, नावं पुसून आकडे घातले. आता एक गाणं दुसऱ्यात असं मिसळायचं की सांधा सापडत नसे. आजूबाजूच्या गावचे डीजेवाले बघायला यायचे. हरीओम मान ताठ करून दाखवायचा.

आणि आता प्रयागबाईचं गाणं त्या आकड्यांत कुठंतरी गडप झालं होतं. सोमवारी त्यानं नेटवर शोधलं. बेंजो पार्टीची कॅसेट नेटवर कोण टाकणार! मंगळवारी चाळीसएक गाणी फोनवरून म्हातारीला ऐकवली.

"हे का?"

"नाई बाप्पा."

"मंग हे?"

"अरे, एवढं मोठं मशीन घेतलं न् एक गानं सापडत नाई तुले? मुन्नाले इचार ना!"

हेच तर नको होतं. बुधवारी दुपारपर्यंत त्यानं आणखी दोनशे गाणी उपसली. मग वैभवीचा फोन आला, "सापडलं ना दादा?" आणि याच्या तोंडातून खोटं निघेना. दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यानं मुन्नाचा नंबर लावला.

"कोन?" मुन्ना म्हणाला. ओळखलं होतं त्यानं, पण म्हणालाच.

"मी हाय. प्रयागबाईचं गानं पाहिजे. उद्या वैभवीची हळद हाय."

"हाय ना तुह्या लॅपटॉपात. तिच्या नावाच्या फोल्डरात."

हरीओमनं शटर आणखी खाली ओढलं. मग म्हणाला, "फोल्डर मोडलं म्या. समदेच मोडले."

हरीओमला वाटलं, आता हा फोन ठेवणार. इतकी लाज त्याला नापास झाला तेव्हाही वाटली नव्हती.

"आमच्या घरी जाय," मुन्ना बोलला. "माह्या पेटीत जुनी हार्डडिस्क हाय. माय देईन काढून. दर लग्नानंतर समदं त्यात उतरवून ठेवत होतो मी."

मुन्नाच्या आईनं, भागिरथीबाईनं, डिस्क दिली, चहा पाजला आणि इतकी वर्षं तोंड दाखवलं नाही म्हणून चांगलं खडसावलंही. हरीओमनं दोन्ही निमूट घेतलं. घरी येऊन त्यानं डिस्क लावली. गावामागून गाव, माणसामागून माणूस. शेषराव पाटील गेल्या साली वारले, पण इथं त्यांची टोपी अजून हातातच होती. हरीओमचे डोळे भरून आले. हे सगळं आपण आपल्या हातानं पुसलं!

प्रयागबाई सापडली. पुढं लिहिलं होतं, 'आधी लाजते. बंद करू नये.'

गुरुवारी दुपारी मांडवात पोरं जोरात नाचत होती. हरीओमनं चालू गाणं थांबवलं आणि प्रयागबाईचं लावलं. बेंजो वाजू लागला तशी पोरं थांबली, मांडव रिकामा झाला. "ओ डीजे, हे काय लावलं?" कोणीतरी ओरडलं. म्हातारी पदर तोंडाला लावून बसून राहिली. एक मिनिट गेलं. हरीओमचा हात बटणाकडं गेला आणि परत आला. बंद करू नये, बंद करू नये. मग प्रयागबाईनं काठी खुर्चीला टेकवली, वैभवीच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठली. फार नाही, दोन पावलं पुढं, दोन मागं, आणि हात मात्र थेट डोक्यावर! वैभवी हसतही होती, रडतही होती. मांडवभर शिट्ट्या वाजल्या.

पुढचं गाणं शोधायला हरीओमनं डिस्कमधलं शेलूबाजारचं फोल्डर उघडलं. नावं खाली सरकवत गेला. सगळ्यात शेवटी त्याचंच नाव होतं.

'हरीओम – मशीन सोडत नाही. पण हे लागलं की डावा पाय हालते. त्याले सांगू नये, नाहीतर थांबवन.'

आत एकच गाणं होतं. त्यानं ते लावलं, टेबलाखाली बघितलं आणि मुन्नाला फोन लावला.

"नाचली का म्हातारी?" मुन्नानं विचारलं.

"नाचली."

"मंग आता काय?"

हरीओमनं फोन स्पीकरकडं धरला, मग परत कानाला लावला.

"काई नाई गड्या," तो म्हणाला. "पाय हालून राह्यला."