चिठ्ठीत निघालेली बाजू

मित्रांनो, जाळीला पोचा पडलेला आणि मधूनच खरखरणारा असा मी धारच्या मराठी मंडळाचा जुना माइक आहे. इंदूरच्या दुकानातून मला आणले, तेव्हा माझे केवढे लाड! रेशमी रुमालात गुंडाळून ठेवत. पुढे बिनतारी माइक आले आणि माझी रवानगी ट्रंकेत झाली. आता मी निघतो तो फक्त गणपतीतल्या वादविवादाला.

या वादविवादाची आमच्याकडे एक रीत आहे. बाजू चिठ्ठी काढून ठरते. मनात काहीही असो, हाती आलेली बाजू लढवायची. 'पुरण श्रेष्ठ की श्रीखंड' असे विषय असत आणि मंडळाचे हजरजबाबी वक्ते भैयासाहेब बोलू लागले की मंडप हसून लोटपोट होई.

यंदा कुणीतरी विषय ठेवला, 'माणसामुळे हवामान बदलते आहे काय?' निवृत्त प्राध्यापिका वासंतीताईंना 'होय' निघाले, भैयासाहेबांना 'नाही'. ताईंचा आवाज बारीक. त्यांनी वर्षानुवर्षांची मोजमापे सांगितली, जगभरच्या शास्त्रज्ञांचे यावर एकमत आहे हेही सांगितले. भैयासाहेब उठले. "अहो, माळव्यात ऊन काय आज पडतंय? आमचे आजोबा टकलावर पापड भाजून घ्यायचे!" टाळ्याच टाळ्या.

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक चॅनलने तेवढाच तुकडा दाखवला. खाली पट्टी, 'हवामानावर धारच्या विद्वानांत फूट'. चिठ्ठीचे नावही नाही.

आमच्याच जिल्ह्यातल्या कुक्षी गावाजवळच्या एका शाळेत लहान मुले पत्र्याखाली बसतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांतल्या काहींना भोवळ आली होती. ऊन आता वाढतच जाणार, हे पटवून ताईंनी शाळेच्या समितीला वर्ग पक्क्या इमारतीत हलवायला राजी केले होते. चॅनलवरचा तुकडा पाहून त्याच संध्याकाळी समितीचा ताईंना फोन आला. विद्वानांचेच एकमत नाही, तर घाई कशाला?

ताई मंडपात येऊन बसल्या. त्यांचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटले.

"वासंतीताई, हे तर गजबच झालं!" भैयासाहेब धावत आले. "मी तर चिठ्ठीत निघालं ते बोललो. खरं काय ते मला कळत नाही का?"

"मला ठाऊक आहे हो. त्या लेकरांना कोण सांगणार?"

भैयासाहेबांनी तिथूनच चॅनलला फोन लावला. तिकडून हसण्याचा आवाज आला. "भियाजी, खुलासा कौन देखता है? वैसा ही मस्त कुछ और बोलिए ना!"

मग दुसऱ्या दिवशी दोघे मला पिशवीत घालून कुक्षीकडे निघाले. शाळेच्या अंगणात समिती जमली, पालकही जमले. जन्मभर टाळ्या घेतलेल्या भैयासाहेबांनी मला हातात धरले.

"टीव्हीवर दिसलं, वो मेरा मत नहीं था. चिठ्ठीत ती बाजू निघाली, म्हणून लोकांना हसवायला बोललो. ताई सांगतात तेच खरं आहे. मेहरबानी करा, मुलांना इथे बसवू नका."

कुणी हसले नाही. टाळीही पडली नाही. समितीची माणसे एकमेकांकडे बघत राहिली.

तेवढ्यात एका मुलीची आई, भवानीबाई, उठली. "देख क्या रहे हो? दरी उठाओ!" असे म्हणत तिने पत्र्याखालची सतरंजी स्वतःच ओढली. दुसरे टोक भैयासाहेबांनी धरले. मग सगळेच उठले आणि वर्गाचे सामान पक्क्या इमारतीकडे निघाले.

मित्रांनो, मी म्हातारा झालो. माझी वायर नीट गुंडाळा, जाळी पुसत जा. पण एक ध्यानात ठेवा. मला आवाज मोठा करता येतो, खरा करता येत नाही. ते काम तुमचे आहे.