पाहुणीला न विचारलेला प्रश्न

उझबेकिस्तानातल्या आमच्या मर्गिलानमध्ये पाहुण्याला "कधी निघणार?" असं विचारणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. चहासुद्धा आम्ही अर्धाच पियाला ओततो, म्हणजे पाहुण्याने पुन्हा मागावा. काठोकाठ भरला तर 'आता निघा' म्हटल्यासारखं होतं. हुस्निद्दीन आकांना (आका म्हणजे थोरले भाऊ) ह्या रीतीचा भारी अभिमान. साठी उलटलेले हे रेशीम विणकर. घानाहून एफुआ नावाची विणकामाची शिक्षिका त्यांच्याकडे सूत बांधून रंगवायची कला शिकायला आली, तेव्हापासून घरात रोज सणच होता.

मोडक्यातोडक्या उझबेकमध्ये ती दोनदा म्हणाली, "आका, आता मला निघायला हवं."

"मागावरचं कापड अर्धवट टाकून? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

ती परत मागावर जाऊन बसली. आल्याबरोबर नोंदणीसाठी पासपोर्ट आकांनीच नेला होता, तेव्हा व्हिसाच्या मुदतीचंही तेच बघत असतील, असं ती धरून चालली. आकांना वाटलं, शिकलेली बाई आहे, तिचं तिला कळत असेल. दोघंही सभ्य, आणि दोघांच्या सभ्यतेत दिवस निघून चालले होते.

रविवारी पुलाव होता. शेजारच्या लझीझा ओपा, म्हणजे गल्लीची थोरली ताईच, आल्या. व्हिसाच्या कचेरीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेली ही बाई. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "पोरी, तुझा व्हिसा कधीपर्यंत आहे गं?"

आकांचा हात ताटातच थांबला. "ओपा, माझ्या घरात बसून माझ्या पाहुणीला जायची तारीख विचारता?"

"तू विचारली असतीस तर मी कशाला विचारली असती? पासपोर्ट आण बघू."

एफुआने पासपोर्ट आणला. ओपांनी चष्मा लावला. "परवा मंगळवारी संपतोय. आणि कापडाला किती दिवस?"

"आठ," एफुआ हळूच म्हणाली. "मला वाटलं, आका बघताहेत."

"आठच दिवस ना?" आका म्हणाले. "इतकं काय त्यात? कचेरीत माझा मामेभाऊ आहे, बोलून टाकू."

"मामेभाऊ विमानतळावर उभा राहणार आहे का?" ओपांचा आवाज चढला नाही. "एक दिवस जास्त झाला तरी चूक तिच्या नावावर लागते, तुझ्या नाही. दंड होईल, देशाबाहेर काढतील, पुन्हा यायची बंदी होईल. पुढच्या वर्षी ती विद्यार्थी घेऊन येणार म्हणून गल्लीभर मिरवतोयस ना? कुठून येईल ती? पियाला अर्धा भरलास, हुस्निद्दीन, पण दार तिच्यासाठी कायमचं लावायला निघाला होतास!"

एफुआकडे बघायचीही आकांना लाज वाटली.

सोमवारी सकाळी ते स्वतः तिला घेऊन कचेरीत गेले. मामेभावाला फोन केला नाही. खिडकीतल्या अधिकाऱ्याने कागद नीट वाचले आणि सांगितलं, "मुदत वाढवायला सबळ कारण लागतं, आजारपणासारखं. अर्धवट कापड हे कारण नाही, आका. पण वेळेत आलात. उद्या निघाल्या तर पासपोर्टवर काही डाग नाही. परत अर्ज करू शकतील."

मंगळवारी एफुआ गेली. आकांनी भाकरी आणि जर्दाळू बांधून दिले, आणि तिचं कापड मागावरून उतरवलं नाही. दुसरं कापड घ्यायला माग मोकळा हवा होता. बायको रोज कुरकुरायची, तरी आका ऐकेनात.

पुढच्या वर्षी तुतीला पालवी फुटली आणि एफुआ आली, सोबत चार विद्यार्थी. आका दारातच उभे राहिले. हात छातीवर ठेवून सलाम केला, आणि तिने जोडे काढायच्या आधीच विचारलं, "पोरी, व्हिसा कधीपर्यंत?"

एफुआचे डोळे भरून आले. आका घाबरले, तिला वाईट वाटलं की काय!

"नाही आका," ती म्हणाली. "गेल्या वेळी तारखेचा विषय तुम्हीच काढाल म्हणून मी रोज वाट बघत होते."

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी परगावचं, परदेशातलं कुणी ना कुणी उतरतं. त्यांना आग्रहाने वाढा, पण पहिल्याच दिवशी कागदावरची तारीखही विचारा. मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याआधी सोबत कचेरीत जा, आणि कचेरीने नाही म्हटलं तर पाहुण्याला वेळेवर निघू द्या. त्यात आपली रीत मोडत नाही.

एफुआ आत गेली. मागावर तिचं कापड तसंच होतं. ती बसली आणि जिथे सोडला होता तिथूनच धागा उचलला.