सुताराचं सरळ टेबल

त्या गावाला उतार असा, की वरच्या आळीत कुणाच्या हातून लिंबू निसटलं तर खालच्या आळीत सरबत व्हायचं. रांगतं मूल चढाच्या दिशेनं गेलं तर ठीक. उताराला लागलं, की जेवायच्या वेळी थेट आत्याच्या ओसरीवर सापडायचं. सगळ्यांत खालचं घर आत्याचं; सगळं गाव तिला आत्याच म्हणायचं. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा. गावाखाली सगळा कातळ, खणून सपाट करता येईना, त्यामुळे घरातल्या जमिनीसुद्धा उतरत्याच. म्हणून आत्याचा भाऊ, म्हणजे गावचा सुतार, खुर्ची असो की पलंग, चढाकडचे दोन पाय आखूड ठेवायचा. बाप तेच करायचा, आजाही तेच.

या सुताराच्या लेकीला खालच्या सपाट शहरातून मागणी आली. मुलाला ती पसंत, तिला मुलगा पसंत. पण मुलाच्या आईचं नाक जरा वर. "डोंगरातली माणसं! हाताला काही वळण आहे का, ते आधी बघू," त्या म्हणाल्या. "एक टेबल करून आणा. मग तारीख काढू."

सुताराच्या अंगात वारंच शिरलं! रंधा असा चालवला, की भुशाच्या ढिगात बायकोला नवरा सापडेना. टेबल झालं. त्यावर त्यानं पाण्यानं काठोकाठ भरलेली परात ठेवली. थेंब हलला नाही.

"बघ गं!" तो लेकीला ओरडला. "आता म्हणावं विहीणबाईंना, काढा खोड!"

लेक आनंदानं नाचायलाच लागली.

टेबल टेम्पोत घालून बापलेक शहरात पोचली. मुलाच्या घरी बैठकीत टेबल मांडलं. सुतारानं बाही सावरली. "परात आणा. भरून आणा!"

परात ठेवली मात्र, ती स्वतःच्या पायांनी निघाली म्हणा ना! टेबलावरून सुसाट सुटली आणि विहीणबाईंच्या मांडीवर जाऊन बसली. विहीणबाई तळ्यात बसल्यासारख्या दिसू लागल्या.

"हे तुमचं वळण?"

"अहो, टेबल सरळच आहे!" सुतार कळवळून म्हणाला. "तुमची जमीन वाकडी आहे!"

कुणी हसेना. लेकीनं त्याचा सदरा ओढला. "बाबा... चढाकडचे पाय!"

सुतार मटकन खाली बसला. इथे चढच नव्हता! हात आपला सवयीनं चालला होता. लेकीचे डोळे भरून आले. मुलगा आईकडे बघेना. विहीणबाई पदर पिळत उठल्या. "झालं तेवढं पुरे. उचला हे."

तेवढ्यात आतून मुलाचे वडील आले. दुकानांच्या पाट्या रंगवायचा त्यांचा धंदा. दिवसभर जमिनीवर वाकून मान धरलेली. त्यांनी टेबलाला एक फेरी मारली, आतून कोरी पाटी आणली आणि टेबलाच्या उतारावर टेकवली. खालून तिला दोन खिळ्यांचा आधार दिला. पाटी तोंडासमोर आली. ब्रश फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला.

"अगं ए! मान!" ते ओरडले. "माझी मान सरळ आहे!"

"आणि आपण जेवायचं कशावर?"

"तू जेव जमिनीवर. या टेबलाला हात लावशील तर बघ!"

"जेवणाचं टेबल मी इथेच, तुमच्या अंगणात बसून करतो," सुतार उडी मारून उठला. "पण तारखेचं काय?"

व्याह्यांनी लाल डब्यात ब्रश बुडवला आणि पाटीवर हातभर अक्षरांत लग्नाची तारीखच रंगवून टाकली. विहीणबाईंनी तोंड उघडलं तेव्हा मुलगा ती ओली पाटी घेऊन शेजाऱ्यांना दाखवायला पळालाही होता.

लग्न वरच्या गावात झालं. विहीणबाईंनी स्वतःची खुर्ची घरून आणली. "तुमच्या त्या लंगड्या खुर्च्यांत मी बसायची नाही!" त्या म्हणाल्या आणि ऐटीत टेकल्या.

बघता बघता खुर्ची निघाली! मांडवातून बाहेर, गल्लीतून खाली, वाजंत्रीवाल्यांना ओलांडून. सुतार, लेक, नवरदेव, सगळं वऱ्हाड हसत-ओरडत मागे धावलं. विहीणबाई सापडल्या कुठे? आत्याच्या ओसरीवर. तशाच खुर्चीत. हातात लिंबाच्या सरबताचा पेला.

"व्याहीबुवा," त्या म्हणाल्या, "बघत काय बसलात? करवत आणा!"